वहाणेवर न वाजवलेला चाकू

नवा चाकू हातात आला की आबा तो लगेच उघडायचे नाहीत. मिटलेला चाकू तळहातावर ठेवून थोडा वेळ नुसते बसायचे. दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांना वाटायचं, म्हातारा पैसे आठवतोय. ते वजन बघत असायचे. मुठीकडं जास्त जातंय की पात्याकडं, एवढंच.

आबा म्हणजे माझे वडील. तरुणपणी त्यांनी कळप घेऊन मुलूख पालथा घातला. नंतर कळप विकला गेला आणि फुलंब्रीजवळच्या आमच्या गावात उरलेल्या आठ-दहा मेंढ्या घेऊन ते माझ्या मायसोबत राहिले. मेंढ्या असोत की नसोत, बंडीच्या खिशात घडीचा चाकू असायचाच. खूर साफ करायला, डहाळी छाटायला, कोकराची नाळ कापायला, दुपारी भाकरीवर कांदा चिरायला. सगळ्याला एकच. तो इतका सततचा होता, की चाकू घरी विसरला तर ते वाटेतून परत यायचे.

चाकू शहरात, शहागंजमागच्या एका गल्लीत बनायचे. एक उस्ताद होते, आबांपेक्षा दोन-चार वर्षांनी लहान. बसायला पोतं, समोर लाकडाचा ठोकळा, बाजूला धार लावायचं चाक. शिंगाची मूठ, आत पितळेच्या दोन पट्ट्या, पोलादाचं पातं आणि पाठीला लोखंडी कमान. पातं पूर्ण उघडलं की कमानीचं टोक पात्याच्या खाचेत बसतं आणि खट्ट असा आवाज होतो. मग कमान दाबून सोडवल्याशिवाय पातं मिटत नाही. निदान मिटू नये.

मी शाळेत असताना आबांबरोबर तिथं जायचो. त्यांची परीक्षा ठरलेली होती. वजन झालं की मिटलेल्या चाकूच्या कडेनं अंगठा फिरवायचा. पात्याचं टोक कुठं लागता कामा नये, खिशात मांडी फाडतं. मग चाकू आभाळाकडं धरून कमान आणि पट्टी यांच्यामधून उजेड दिसतो का ते बघायचं. उजेड जातो तिथून पाणी जातं, असं म्हणायचे. मग नखानं पातं उघडायचं, कानाशी धरून. आवाज एकच आणि आखूड हवा. मग पातं चिमटीत धरून डावी-उजवीकडं हलवायचं. मग पागोट्यात खोचून आणलेली लोकरीची बट कापून बघायची.

आणि सगळ्यात शेवटी पायातली वहाण काढायची. उघडा चाकू मुठीत धरायचा, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवायची, आणि पात्याची पाठ वहाणेच्या टाचेवर आपटायची. तीन वेळा, जोरात. खाच नीट बसली नसेल तर पातं तिथंच मिटतं. याला आबा ‘वाजवणं’ म्हणायचे.

उस्तादांना हे आवडायचं नाही, किंवा आवडत नाही असं ते दाखवायचे.

“आले पाव्हणे,” आबा गल्लीत दिसले की ते ओरडायचे, “मेरे काम को जूता मारने आ गये.”

“मारावा लागू नये असं काम कर, मग नाय मारत.”

“मागचा कसा निघाला?”

“मेंढ्यांना दाखवला. लई हसल्या.”

“हसू दे. तुम नक्को हसो, तुमको दात कहाँ हैं?”

मला त्या वयात भीती वाटायची, की उस्ताद खरंच रागावतील. हत्यार म्हणजे दसऱ्याला हळदीकुंकू लावून पाटावर ठेवायची वस्तू, आणि आबा ती बनवणाऱ्याच्या तोंडासमोर पायताणावर आपटतात. पण तिसऱ्या ठोक्यानंतर पातं जागेवर राहिलं की थट्टा संपायची. आबा चाकू मिटवून पोत्यावर ठेवायचे. उस्ताद तो उचलून तेलाच्या फडक्यानं पुसायचे आणि परत पोत्यावर ठेवायचे, मग आबा तो खिशात टाकायचे. चाकू हातातून हातात द्यायचा नाही, नातं तुटतं, असं दोघंही मानायचे. पातं मिटलं, तर आबा एकच शब्द बोलायचे, “ढिलाय.” उस्ताद चाकू उचलून ठोकळ्याशेजारी टाकायचे आणि पंधरा दिवसांनी यायला सांगायचे. माझ्या आठवणीत असं तीनदा झालं.

मी शिकलो, शहरात राहिलो आणि एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागलो. नवी पुस्तकं आली की मी आधी शिवण बघतो, मग पुठ्ठा, मग पानं सुटी होतात का ते. हे मला आबांकडूनच आलं असावं. त्यांना मी असं कधी सांगितलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात आबांच्या चाकूची कमान मोडली. वीस वर्षं वापरलेला चाकू होता तो, पातं झिजून अर्धं झालेलं. आबांना साखरेचा आजार होता आणि पायावर सूज होती. एस.टी.त चढणं जमत नव्हतं. त्यांनी फोनवरून उस्तादांना नवा करायला सांगितला आणि मग मला फोन केला.

“तू जा. बघून आण.”

“आणतो.”

“नुसता आणू नको. सगळं बघ. वाजवून बघ.”

मी शनिवारी दुपारी कॉलेजमधून परस्पर गेलो. उस्ताद खूप थकलेले वाटले. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. आता बहुतेक वेळ कात्र्यांना आणि खाटकांच्या सुऱ्यांना धार लावून देण्यात जायचा. नवा चाकू त्यांनी कितीतरी महिन्यांनी केला होता. त्यांनी तो पोत्यावर ठेवला आणि म्हणाले, “देखो, सर.”

शेजारी एक बाई शिलाईची कात्री घेऊन थांबली होती. मी उकिडवा बसलो. वजन बघितलं. कडेनं अंगठा फिरवला. उजेडाकडं धरला, फट नव्हती. पातं उघडलं, आवाज आखूड आला. पातं चिमटीत धरून हलवलं, हललं नाही. लोकर नव्हती, म्हणून हाताच्या मागचे केस कापून बघितले. शिंगाची मूठ फार सुंदर होती, काळ्यात मधाच्या रंगाची एक रेघ.

मग उरलं ते एकच. माझ्या पायात नाडीचे काळे बूट होते. गुडघ्यावर बसून नाडी सोडायची, बूट काढायचा, मोजा दिसणार, आणि मग या म्हाताऱ्या माणसाच्या हातचं काम त्याच्यासमोर बुटाच्या टाचेवर आपटायचं. आबा आपटायचे ते त्यांच्या बरोबरीचे होते, थट्टेतले होते. मी कोण होतो? पगारी माणूस, सर. ती बाई बघत होती. माझ्याच्यानं झालं नाही.

“बस?” उस्तादांनी विचारलं. “हो गया देखके?”

“झालं.”

“सब देखे?”

“सगळं बघितलं चाचा. छान झालाय.”

मला वाटलं, मी फार चिकित्सा केली म्हणून ते टोमणा मारतायत. त्यांनी चाकू उचलला आणि बराच वेळ तेलाच्या फडक्यानं पुसत राहिले. अंगठा पाठीवरून एकदा, दोनदा फिरवला. मग पोत्यावर ठेवत म्हणाले, “पाव्हण्याला दाखवा. बोलो, अच्छे से देखना.”

मी त्याच दुपारी मोटारसायकलवर गावी गेलो. आबा बाजेवर बसले होते. मी चाकू त्यांच्यासमोर बाजेवर ठेवला, त्यांनी उचलला. तळहातावर धरून बसले. रेघ बघून म्हणाले, “शिंग चांगलं घातलंय.” मग माझ्याकडं बघितलं.

“वाजवला का?”

“व्हय,” मी म्हणालो.

आबांची नजर खाली माझ्या पायांकडं गेली. “बुटावर?”

“बुटावर.”

त्यांना हसू आलं. चूळ भरताना येतं तसं, गाल फुगवून. “मग झालं,” म्हणाले आणि चाकू खिशात टाकला. स्वतःच्या वहाणा बाजेखाली होत्या, त्यांना हात लावला नाही. माय चहा घेऊन आली तर तिला म्हणाले, “हे बघ, मास्तरनं पारखून आणला.” मी मास्तर नाही, पण ग्रंथपाल हा शब्द त्यांना कधी जवळचा वाटला नाही.

परतीच्या रस्त्यावर मला हलकं वाटत होतं. हे लिहायला मला वेळ लागतोय, पण लिहायला हवं. मला खरोखर हलकं वाटत होतं.

दोन महिन्यांनी एका मेंढीच्या खुरात सडलं. आबा तिला दोन गुडघ्यांत धरून खूर कोरत होते. मेंढीनं पाय झाडला, चाकू मागं रेटला गेला आणि पातं त्यांच्या तर्जनीवर मिटलं. हाडापर्यंत गेलं. त्यांनी हळद दाबली, धोतराची चिंधी बांधली आणि मायला सांगितलं, पोराला फोन करू नको, शनिवारी येईलच. त्या शनिवारी कॉलेजात तपासणीसाठी समिती येणार होती. मी गेलो नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी गेलो तेव्हा बोट काळं पडलं होतं आणि खोलीत वास होता.

त्यांना शहरात आणलं. आधी बोट काढलं. मग डॉक्टर म्हणाले, विष वर चढतंय, पंजा काढावा लागेल. पंजा काढला. आबा शुद्धीवर आले की उजव्या बाजूला बघायचे नाहीत. एका सकाळी मी त्यांना पेज भरवत होतो. त्यांनी विचारलं, “मेंढीचा खूर?”

“बरा झाला. माय म्हणाली, चालती चांगली.”

त्यांनी पेज गिळली. मी विचारून टाकलं, “आबा, चाकू ढिला होता का?”

त्यांनी खिडकीकडं तोंड वळवलं. मग म्हणाले, “मेंढी तरणी होती.”

त्यानंतर चार दिवसांनी ते गेले. ताप उतरलाच नाही.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मायनं कपडे वाटून टाकले, काठी शेजारच्यांना दिली. चाकू तिनं एका फडक्यात बांधून ठेवला होता. ती गाठोडी तिनं माझ्यासमोर जमिनीवर ठेवली.

“हे तू ने. माझ्या नजरंसमोर नको.” मी उचलली तशी म्हणाली, “त्या उस्तादाला विचार. एवढ्या वर्षांची ओळख. असा चाकू कसा दिला म्हणावं?”

मी मान हलवली. त्या वेळीच सांगता आलं असतं.

चाकू मी ग्रंथालयातल्या माझ्या टेबलाच्या खणात ठेवला, पावती-पुस्तकांच्या मागं. दीड महिना तो तिथं होता. वाजवून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. ग्रंथालय बंद झाल्यावर मी एकटाच असायचो, खोलीत कोणी बाई नसायची, बूट काढायला कसलीच लाज नव्हती. एकदा मी नाडी सोडली आणि परत बांधली. पातं टिकलं असतं तर आबांचा हात चुकला, मेंढी चुकली, नशीब. मिटलं असतं तर ते अर्धं मिनिट शहागंजमागच्या त्या गल्लीत माझ्या हातात होतं. माय दर रविवारी फोनवर विचारायची, “गेला होतास का त्याच्याकडं?” मी म्हणायचो, “जाईन.”

शेवटी गेलो. उस्ताद एकटेच होते. आबा गेल्याचं त्यांना कोणाकडून तरी कळलं होतं, कशानं ते कळलं नव्हतं. मी पोत्याच्या कडेला बसलो आणि सगळं सांगितलं. खूर, बोट, पंजा. ते ऐकताना चाकावरचा पट्टा हातानं धरून होते, सोडला नाही. मग मी फडकं सोडून चाकू पोत्यावर ठेवला.

त्यांनी तो उचलला नाही.

“मारो,” ते म्हणाले.

मला कळलं. मी नाडी सोडली, बूट काढला. पातं उघडलं, खट्ट आवाज आला, तसाच आखूड आणि चांगला. बोटं बाजूला घेतली आणि टाचेवर आपटला. टिकलं. पुन्हा आपटला. पातं मिटलं. हळू, दार लोटल्यासारखं.

गल्लीतून कुणीतरी हातगाडी ओढत गेलं.  मग मी चाकू पोत्यावर ठेवला, आणि त्यांनी तो घेतला. डोळ्यांजवळ नेला, मग डोळ्यांचा उपयोग नाही म्हणून खाली आणला आणि बोटांनी चाचपला. पात्याच्या खाचेत नख घातलं.

“खाच उथळ राहिली,” ते म्हणाले. “उस दिन बी उंगली को लगा था. थोडासा. नजर को नहीं दिखा. मैं बोला, जाने दो, पाव्हणे जूता मारके देखते. ढिला रहा तो वापस आता. हर बार वापस करते थे वो.” मग माझ्याकडं तोंड करून म्हणाले, “तुम्ही नाही मारला. मैं समझा, पढ़ा-लिखा आदमी है, दूसरा कुछ देख लिया होगा.”

 त्यांचा अंगठा अजून चाकूवर फिरत होता. तो मुठीच्या टोकाशी थांबला, जिथं पातं ज्या खिळ्यावर फिरतं तो खिळा आहे.

“ये कौन ठोका?”

“काय?”

“हा खिळा. हे माझे घाव नाहीत.” त्यांनी माझं बोट धरून तिथं टेकवलं. गुळगुळीत पुस्तकांची सवय असलेल्या माझ्या बोटालाही ते कळलं. खिळ्याचं गोल डोकं एका बाजूनं चेपलेलं होतं आणि शेजारच्या शिंगाला बारीक चीर गेली होती. “मोठ्या हातोड्याचे हैं. मेख ठोकनेवाला.”

मेखा ठोकायचा हातोडा आमच्या घरी दारामागं असतो. मेंढवाड्याच्या मेखा त्यानंच ठोकतात.

“खिळा ठोकून काही होत नाही यात,” उस्ताद म्हणाले. “दोष खाचेत है. त्यांना वाटलं असंल, खिळा ढिला आहे.” मग त्यांनी विचारलं, “तुमने उनको बोला था? मारके देखा करके?”

“हो. बोललो होतो.”

“और उन्होंने मान लिया?”

माझं बोट अजून त्या खिळ्यावर होतं. “नाही,” मी म्हणालो.

त्यांनी चाकू मिटवला, फडक्यात गुंडाळला. म्हणाले, “माझ्याकडं राहू दे. दुरुस्त नाही करणार.” मी बूट घातला. नाडी बांधायला वेळ लागला. उठताना त्यांनी इतकंच विचारलं, की वहिनींना मेंढ्या झेपतात का. मी म्हणालो, विकायच्या म्हणतोय.

तो रविवार नव्हता, तरी घरी येऊन मी मायला फोन लावला.

“गेलो होतो उस्तादाकडं,” मी म्हणालो.

“काय म्हणला?”

“माय, त्याचं नंतर बघू. मी तो चाकू वाजवला नव्हता. आबांना व्हय म्हणालो, पण वाजवला नव्हता.”

 पलीकडून मेंढी ओरडल्याचा आवाज आला. मला वाटलं, तिनं फोन बाजूला ठेवला.

“तू गेलास आणि तुझ्या आबांनी वहाण घेतली,” ती मग म्हणाली. “दुसऱ्याच ठोक्याला मिटला. मग हातोडा घेऊन ठोकत बसले अंगणात. मी म्हणलं, ढिलाय तर परत द्या ना. एवढं काय ठोकायचं? तर म्हणले, राहू दे. पोराला उगं हेलपाटा पडंल.”

आमच्या गावापासून शहागंज मोटारसायकलवर पाऊण तास आहे. रस्ता चांगला आहे.